बिनबोलावण्याचा सण

कार्डं गेली तीस आणि परत आलं एकच. तेही पोस्टाने नाही. लेपोसावाकाकूंनी ते अंड्यांच्या टोपलीत, फडक्याखाली घालून आणलं. अंडी सगळी काढून झाली, टोपली रिकामी झाली, तेव्हा कुठे त्यांनी ते कसंनुसं तोंड करून पुढे केलं.

"जाऊबाई, हे तुमच्या भाऊजींनी दिलंय. मी काही वाचलं नाही हं."

वाचलं होतं, हे त्यांच्या कानांच्या रंगावरून कळत होतं.

जुर्जेवदान दोन दिवसांवर आला होता. या घराचा कुळसंत म्हणजे संत जॉर्जे, आणि त्याच्या नावाचा घरचा सण, स्लावा, दर वर्षी जुर्जेवदानाला, सहा मेला, याच बागेत. गेल्या वर्षी रादोय्काचा नवरा स्वेतोझार गेल्याचं सुतक होतं, तेव्हा नुसती मेणबत्ती लावली आणि दार लोटून घेतलं. त्यामुळे यंदा दोन वर्षांची धूळ एकदम झटकायची होती. रादोय्का आलुबुखाराच्या झाडांच्या बुंध्यांना चुना लावत होती. तिची मोठी लेक दुशान्का माहेरच्या कामाला म्हणून क्रागुयेवात्सहून आली होती आणि कुंपणावर टाकलेल्या सतरंज्या अशा बडवत होती, जणू त्यांच्यात तिचा नवरा गुंडाळलेला होता. सून नेझा शिडीवर उभी राहून द्राक्षाच्या मांडवाचे वाळके फाटे कापत होती.

रादोय्काचे हात चुन्याचे, म्हणून कार्ड दुशान्काने घेतलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, आणि गुंडाळलेल्या सतरंजीवर मटकन बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"आई, ऐक. 'येत्या जुर्जेवदानाला आमच्या घरच्या स्लावासाठी आपण अगत्याने यावे. येणार, येणार नाही. कृपया खूण करून कळवावे.' आणि काकांनी 'येणार नाही'वर फुली मारलीय. पेन्सिलीने कागद फाटलाय बघ."

कार्ड सुरेख होतं. कोपऱ्यात जांभळ्या लायलकचा घोस, जलरंगात काढलेला, एकेक पाकळी निगुतीने रंगवलेली. अशी तीस काढायला नेझाला दोन आठवडे लागले होते.

रादोय्काच्या हातातला कुंचला टपटप गळत राहिला. "नेझा, तू स्लावाचं आमंत्रण पाठवलंस?"

"हो आई," शिडीवरून आवाज आला. "सगळ्यांना. का, कोणी राहिलं का?"

"एकसुद्धा राहिलं नाही, तेच तर," दुशान्का म्हणाली. "अगं, लग्नाला बोलावतात, कोर्टात बोलावतात. स्लावाला कोणी बोलावत नाही. ज्याला यायचं तो येतो. दार उघडं असतं, बस."

नेझा शिडीवरून उतरली. ती ल्युब्ल्यानाची. तिथे सख्ख्या भावाकडे जायचं तरी आधी फोन करून वार ठरवतात. लग्नाला तीन वर्षं झाली, पण पहिली दोन वर्षं दोघं परदेशात होती आणि तिसऱ्या वर्षी सुतक. भर पाहुण्यांचा स्लावा तिने पाहिलाच नव्हता.

"मग किती माणसं येणार, हे कळतं कसं?"

"कळत नाही."

"ताटं किती मांडायची?"

"येतील तेवढी."

"आणि कोबीच्या पानांतला सारमा किती करायचा?"

"भांडं भरेपर्यंत. मग दुसरं भांडं घ्यायचं."

प्रयोगशाळेत थेंब थेंब मोजण्यात जिची दहा वर्षं गेली, तिने हे ऐकून डोळे मिटून घेतले.

"गावात लोक हसतायत नुसते," लेपोसावाकाकू समजूत घालत म्हणाल्या. "दुकानात तर कार्ड भिंतीला लावलंय. चित्र फार आवडलं सगळ्यांना. पण आमचे काही हसले नाहीत. 'साठ वर्षं मी त्या घरात गेलो, आता मला विचारतात येणार का म्हणून,' एवढंच म्हणाले. काल रात्री जेवलेच नाहीत. आणि भूक तर त्यांना चर्चमध्येसुद्धा लागते."

रादोय्काने कुंचला बादलीत टाकला आणि झाडाला टेकून उभी राहिली. पाठीला ओला चुना लागला, तेही तिच्या ध्यानात आलं नाही.

स्वेतोझार आणि दोब्रिवोये, सख्खे भाऊ, ओढ्याच्या पलीकडल्या गवताच्या एका पट्ट्यावरून अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. रस्त्यात समोरासमोर आले तर दोघांनाही आभाळात काहीतरी महत्त्वाचं दिसायचं. पण दर जुर्जेवदानाला सकाळी दहाच्या ठोक्याला दोब्रिवोये पांढरा शर्ट घालून फाटकातून आत यायचे. फादर प्रार्थना म्हणायचे, आणि सणाचा तो मोठा गोल पाव, कोलाच, एका बाजूने स्वेतोझार धरायचा, दुसऱ्या बाजूने दोब्रिवोये. दोघं मिळून तो फिरवायचे, मोडायचे, आणि रिवाजाप्रमाणे एकमेकांच्या गालाचा मुका घ्यायचे. तीन पेले राकिया, पोटभर कोकरू, आणि संध्याकाळी घरी. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा आभाळ.

कोणी बोलावलं नाही, म्हणून कोणाला वाकावं लागलं नाही. या एका गोष्टीवर ते नातं तगलं होतं आणि घरात त्याबद्दल कोणी कधी चकार शब्द काढला नव्हता. कार्डाने नेमका त्याच्यावर घाव घातला होता. ज्याला बोलावता येतं, त्याला वगळताही येतं.

तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. नेझाचा नवरा मिओद्राग शहरातून आला होता, गाडीमागे ट्रेलर, ट्रेलरवर पांढऱ्याशुभ्र प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या चळती.

"भाड्याने आणल्या!" तो खाली उतरता उतरता ओरडला. "एकदम हॉटेलसारखं दिसेल बघ आई. काय झालं? कोण गेलं?"

"खुर्च्या कशाला?" रादोय्काने विचारलं. "काकांची बाकं असतात ना?"

"ती जुनाट बाकं? दर वर्षी कोणाच्या ना कोणाच्या पँटीत कुसळ जातं. नेझा म्हणाली, खुर्च्या आणू. मी म्हटलं, आणू."

लेपोसावाकाकूंनी टोपली उचलली. आजोबांनी केलेली ती सहा लांब बाकं वाटणीत धाकट्या दोब्रिवोयेकडे गेली होती, पण स्लावाच्या तीन दिवस आधी ती या बागेत यायची, ही रीत वाटणीनंतरही मोडली नव्हती. मोठ्याकडून कोणीतरी जायचं, काही न बोलता बाकं उचलून आणायचं.

"त्यांनी परवाच घासून ठेवलीत," काकू म्हणाल्या. "राखेने. उन्हात, फाटकाजवळ. दोन दिवस तिथेच आहेत." आणि कोणाकडे न बघता त्या चालू लागल्या.

मग घरात जी बैठक बसली, तिचं वर्णन दुशान्का पुढे कित्येक वर्षं रंगवून सांगत असे.

"मी जातो," मिओद्राग म्हणाला. "पाया धरतो, सांगतो काका, चूक झाली, उद्या परवा काय ते, या."

"म्हणजे दुसरं आमंत्रण!" रादोय्का म्हणाली.

"मग फादरना पाठवू," दुशान्का म्हणाली.

"तिसरं. आणि तेही झग्यासकट."

मिओद्राग उठून येरझाऱ्या घालायला लागला. बाप गेल्यावर यजमान म्हणून त्याचा हा पहिला स्लावा. कोलाच धरायला समोर काका नसले, तर दहा वाजता सगळं गाव त्या रिकाम्या जागेकडे बघणार होतं. आणि खरं सांगायचं तर त्याला दुसरीही भीती होती. पाव कुठल्या दिशेने फिरवायचा, हेच त्याला ठाऊक नव्हतं. लहानपणापासून त्या वेळी त्याचं लक्ष कोकराकडे असायचं.

भीतीचा राग झाला आणि राग बायकोवर निघाला. "मला एकदा विचारायचं तरी होतंस!"

"विचारलं होतं," नेझा शांतपणे म्हणाली. "कार्ड हातात दिलं होतं. तू मोबाइलमधून मान वर न काढता 'मस्त कल्पना' म्हणालास."

दुशान्का आत्तापर्यंत भावाच्या बाजूने होती. तिने बाजू बदलायला अर्धा क्षणही घेतला नाही. "म्हणालास का रे?"

"म्हणालो असेन..."

"म्हणजे म्हणालास! आई, म्हणाला हा!"

"बापाच्या वळणावर गेलाय," रादोय्का म्हणाली. "त्यानेही माझ्या हो ला हो करत घर रंगवायला दिलं, आणि रंग बघून आठवडाभर बोलला नाही. जा, खुर्च्या कोठारात ठेव आणि गवत काप. निदान गवत तरी कुठल्या दिशेने कापायचं ते तुला येतं."

मिओद्राग मुकाट्याने गेला. त्या दुपारी त्याने बागेतलं गवत इतकं बारीक कापलं की कोंबड्यासुद्धा बावरल्या.

नेझाने फुली मारलेलं कार्ड एप्रनच्या खिशात घातलं. रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं. कांदा चिरायला घेतला, मग थोडं रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सणाची पूर्वसंध्या. सूर्य वर यायच्या आत दुशान्का ओढ्यावरून वाळुंजाच्या कोवळ्या फांद्या घेऊन आली. कोकरू पलीकडच्या आळीतल्या भट्टीवाल्याकडे ठरलं होतं. सारम्याचं दुसरं भांडं चुलीवर चढलं होतं. अक्रोडाच्या झाडाखाली लांब टेबलं मांडून झाली होती आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना काहीच नव्हतं. खुर्च्या काढाव्यात, असं कोणी म्हणत नव्हतं.

फाटकावर तोरण बांधायचं काम सासू-सुनेकडे आलं. वाळुंज, लायलक, मध्ये पिवळी रानफुलं. आधी जुनं उतरवायला हवं होतं. ते दोन वर्षांपूर्वीचं, स्वेतोझारने स्वतःच्या हाताने वळलेलं. गेल्या वर्षी नवं बांधलंच नव्हतं, म्हणून ते तिथेच वाळून काडी काडी झालं होतं. रादोय्का स्टुलावर चढली, गाठीला हात लावला आणि थांबली.

"आई, राहू दे का?"

"नको. जुन्यावर नवं बांधत नाहीत." तिने गाठ सोडवली. सुकलेली पानं नेझाच्या केसांवर पडली. "केवढी घट्ट बांधलीय मेल्याने. आयुष्यभर बुटांच्या नाड्या सुटलेल्या, आणि ही गाठ बघ."

दोघी हसल्या. रादोय्काने पदराएवढ्या मोठ्या रुमालाने डोळे पुसले, नाकही पुसलं, आणि स्टुलावरच खाली बसली.

"तुला वाटतं तूच पहिली चुकलीस? माझ्या पहिल्या स्लावाला मी दारात उभी राहून प्रत्येकाला विचारत होते, 'बसणार ना थोडा वेळ?' माझी सासू मागून आली आणि असा चिमटा काढला! म्हणाली, 'अगं बये, बसणार का असं पाहुण्याला विचारतात. घरच्या माणसाला कोणी विचारत नाही, आणि घरचं माणूसही कोणाला विचारत नाही.'"

"घरचं माणूसही विचारत नाही," नेझा हळूच म्हणाली.

"हं. ती दोरी दे इकडे."

पण दोरी द्यायला नेझा तिथे नव्हतीच. ती गोठ्यामागून हातगाडी ओढत बाहेर आली आणि सासूला काही न सांगता, एप्रनसकट, केसांत वाळकी पानं तशीच ठेवून ओढ्याच्या रस्त्याला लागली.

"कुठे निघालीस?" दुशान्का खिडकीतून ओरडली.

रादोय्काने तिला हाताने गप्प केलं. तिला कळलं होतं.

दोब्रिवोयेकाका अंगणात बसून विळ्याला धार लावत होते. विळ्याला कालच धार लावली होती, परवाही लावली होती. त्या जागेवरून रस्ता चांगला दिसतो, एवढंच. लाकडी पुलावर चाकाची खडखड झाली तशी त्यांनी मान खाली घातली. आली. आता ही रडणार, चूक झाली म्हणणार, या म्हणणार. त्यांनी उत्तर तयार ठेवलं होतं. दोन दिवस घोळवून घोळवून ते अगदी गुळगुळीत झालं होतं. 'पोरी, माझा राग नाही. पण परक्याकडे सणाला जायचं आता माझं वय नाही.'

नेझा अंगणात आली. बाकं फाटकाजवळ ओळीने उन्हात उभी होती, घासून पांढरी झालेली.

"काका, जरा पाय बाजूला घ्या," ती म्हणाली.

काकांनी पाय घेतले. घेतल्यावर त्यांना आश्चर्य वाटलं.

तिने पहिल्या बाकाचं एक टोक हातगाडीवर चढवलं, दुसरं उचलायला गेली, तोवर पहिलं धाडकन खाली आलं. तिने पुन्हा चढवलं.

"कोणी सांगितलं न्यायला?" काकांनी विचारलं.

"कोणी नाही."

"मग मला विचारलंस?"

नेझा वळली. धापा टाकत होती, नाकाला धूळ लागली होती. "घरात कशाला विचारायचं?" ती म्हणाली, आणि पुन्हा वाकून बाकाशी झोंबू लागली.

स्वयंपाकघराच्या खिडकीतला पडदा हलला. लेपोसावाकाकूंच्या हातून काहीतरी पडून फुटलं. बहुतेक बशी.

काकांच्या गुळगुळीत उत्तराला बसायला जागाच उरली नव्हती. ही आमंत्रण द्यायला आली असती, तर नाकारता आलं असतं. माफी मागायला आली असती, तर दोन दिवस अजून रुसता आलं असतं. पण ही तर बाकं चोरावीत तशी नेत होती, वर पाय बाजूला घ्या म्हणाली होती. स्वेतोझारही असाच यायचा. न बोलता यायचा, बाकाचं एक टोक उचलायचा, आणि दुसरं टोक कोणीतरी उचलेल याची वाट बघत, पाठ करून उभा राहायचा. अकरा वर्षं ते दुसरं टोक दोब्रिवोयेनी उचललं होतं.

बाक तिसऱ्यांदा पडलं.

"अगं, मोडशील ते! आमच्या बापाने केलंय!" काका उठले. विळा बाजूला ठेवला. "हातगाडीवर बाक नेतात का कुठे? तुमच्या ल्युब्ल्यानात नेत असतील. पुढचं टोक धर. उलटं नको. हां. आता चाल. हळू! मी काय घोडा आहे?"

पुलावरून, डेरेदार लायलकच्या कुंपणाजवळून, दोघं बाक घेऊन निघाले आणि काका सगळ्या रस्त्याने बोलत राहिले. हिच्या चालण्याबद्दल, हवेबद्दल, चुना कसा कालवावा त्याबद्दल. नेझाला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. तिला फक्त बाकाच्या दुसऱ्या टोकाचं वजन कळत होतं, आणि ते अगदी भक्कम होतं.

रादोय्काने त्यांना फाटकातून आत येताना पाहिलं. पण या बाईने या घरात पन्नास वर्षं उगीच काढली नव्हती.

"भाऊजी, ते अक्रोडाखाली ठेवा," ती तोरणातून मान वर न काढता म्हणाली. "आणि सांभाळून, गवत ओलं आहे."

"हे वाळुंज कोणी बांधलं?" काका म्हणाले. "शेंडे खाली हवेत, वर नाहीत. दोन वर्षांत सगळं विसरलात."

कोठाराच्या दारात मिओद्राग उभा होता. त्याचा चेहरा एकदम उजळला आणि त्याने तोंड उघडलं. "काका! बरं झालं तुम्ही..."

पुढचं दुशान्काने बोलूच दिलं नाही. हातातल्या ताटातली पिठीसाखरेची दोन अख्खी बिस्किटं तिने त्याच्या उघड्या तोंडात कोंबली. तो खोकत राहिला, डोळ्यांतून पाणी काढत राहिला. त्यातलं सगळंच खोकल्याचं नव्हतं.

उरलेली पाच बाकं आणायला काका आणि मिओद्राग गेले. परत येताना पुलावर काका थांबले, बाक कठड्याला टेकवलं, आणि ओढ्याकडे बघत म्हणाले, "उद्या फादर दहाला येतील. कोलाच मी सुरू करीन तसा फिरव. माझ्या हाताकडे बघ. तुझा बाप दर वर्षी उलटा ओढायचा."

"दर वर्षी?"

"चाळीस वर्षं. मी एकदाही बोललो नाही." काकांनी नाक ओढलं. "बोलायला हवं होतं रे. निदान तेवढं तरी." मग त्यांनी बाक उचललं. "चल, हात अवघडले."

दुपारपर्यंत अक्रोडाखाली दोन्ही बाजूंनी बाकं लागली. टेबलांवर पांढऱ्या चादरी, बरण्यांत लायलक, चुन्याचे पांढरे बुंधे, फाटकावर शेंडे खाली केलेलं तोरण. लेपोसावाकाकू फुटलेल्या बशीच्या जागी नवीन बारा बश्या घेऊन आल्या होत्या. किती माणसं येणार हे अजूनही कोणाला माहीत नव्हतं. तिसरं भांडं चुलीवर चढवायला नेझानेच सांगितलं.

एकच बाक डुगडुगत होतं. आजोबांनी शेवटी केलेलं, एक पाय बोटभर आखूड. दर वर्षी त्याच्याखाली कौलाचा तुकडा नाहीतर सिगारेटचं पाकीट जायचं.

"काहीतरी दे गं पायाखाली घालायला," काका म्हणाले. ते गुडघ्यावर बसले होते, एका हाताने बाक उचलून धरलेलं.

नेझाने इकडे तिकडे पाहिलं. मग एप्रनच्या खिशात हात घातला. जाड, चांगला कागद. तिने त्याची घडी केली, मग आणखी एक. लायलकचा घोस आत गेला, फाटलेली फुली बाहेर राहिली. ती काकांना दिसली. त्यांना दिसली, हे तिलाही दिसलं.

काकांनी कागद घेतला, फुलीची बाजू खाली केली आणि पायाखाली सारला. मग बाकावर बसले, एकदा डावीकडे कलले, एकदा उजवीकडे. बाक जागचं हललं नाही.

"सूनबाई," ते म्हणाले, "उद्या संध्याकाळी झाडलोट करताना हे फेकून देऊ नकोस. पुढच्या वर्षी लागेल."